२०२० ची वही आणि गेल्या महिन्याचं ॲप

पारसिककर | शनि. ४ ऑक्टोबर, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. दिवाळीची साफसफाई म्हणजे आमच्याकडे मी माळ्यावर आणि बायको खाली स्टूल धरून सूचना देणार अशी वाटणी आहे. आज जुन्या कुकरच्या खोक्यामागून एक वही खाली पडली, बरोबर तिच्या पायाशी. दोनशे पानी, वर लेकीच्या शाळेचं लेबल, पहिल्या तीन पानांवर पाचवीचा भूगोल, आणि चौथ्या पानापासून बायकोचं अक्षर. लॉकडाऊनमधली किराण्याची वही. आम्ही दोघंही विसरलो होतो अशी काही वही होती ते.

पहिली नोंद २७/३ ची. म्हणजे पाडव्याला २५ तारखेला लॉकडाऊन सुरू झाला (त्या वर्षी साखरेच्या गाठी मिळाल्या नव्हत्या, लेकीने कागदाची गाठी करून गुढीला लावली होती) आणि दोन दिवसांनी बाईसाहेबांनी घरातले सगळे डबे उघडून शिरगणती केली. जशीच्या तशी उतरवतो: "कणीक ३ किलो असेल. तांदूळ ५ च्या वर. तूरडाळ दीड डबा. साखर बरी आहे. चहा पावडर आठ दिवस (लक्ष ठेवणे)." हे लक्ष कोणावर ठेवायचं होतं ते सांगायची गरज नाही, घरात दिवसाला सहा कप चहा पिणारा एकच प्राणी आहे.

मग ११/५ ची नोंद. वाशीची एपीएमसी, म्हणजे घाऊक बाजार, त्या दिवसापासून १७ मेपर्यंत बंद होती, पाचही मार्केटं. त्या पानावर लिहिलंय: "कांदे ९ (मोजून). दुधी १. दुधीची सालं टाकू नये, चटणी." नऊ कांदे! आणि पुढे रोज एकेक आकडा खोडलेला, ९, ७, ६, ६, ४. तो जो दोनदा सहा आहे ना, त्या दिवशी बहुतेक पिठलं बिनकांद्याचं झालं होतं.

वही घेऊन जमिनीवर बसलो आणि काय सुचलं कोण जाणे, मोबाईलवर गेल्या महिन्याच्या ऑर्डरी बघितल्या. दहा-पंधरा मिनिटांत घरी येणाऱ्या सामानाच्या. सप्टेंबरमध्ये एकतीस वेळा. दिवस तीस, ऑर्डरी एकतीस. एक ऑर्डर फक्त दह्याचा कप. एक कोथिंबीर आणि रिमोटचे सेल. एकदा रात्री पावणेअकराला एक लिंबू मागवलं, आणि ऑर्डर लहान पडते म्हणून सोबत नको असलेली बिस्किटं. हे सगळं त्याच घरात, त्याच माणसांनी, आणि मुख्य म्हणजे त्याच मी, ज्याने २०२० मध्ये व्हॉट्सॲपवर "आता कळलं माणसाला किती कमी लागतं" असा मेसेज शंभर जणांना पाठवला होता.

तर विचारायचंय हे, की तेव्हाच्या कुठल्या सवयी तुमच्याकडे टिकल्या, कुठल्या गेल्या, आणि का गेल्या? प्लीज, 'कोरोनाने आपल्याला साधेपणा शिकवला' छापाचं काही नको, ते मीच पुष्कळ लिहून झालंय.

बंड्या_नौपाडा | रात्री ११.२२

पहिला! 

टिकलेलं: घरघंटी. गिरणी बंद म्हणून २०२० च्या जूनमध्ये घेतली. सध्या तिच्यावर इस्त्रीचे कपडे, मनीप्लांट आणि वायफायचा डबा असतो. टिकली आहे हे मात्र खरं.
गेलेलं: डालगोना कॉफी, सूर्यनमस्कार, गच्चीवरचं चालणं, बायकोला भांड्यांत मदत. (शेवटचं ती इथे वाचत नाही म्हणून लिहितोय.)

घोडबंदरची_सून | रात्री ११.५८

कासारवडवलीला राहते, चार टॉवरची सोसायटी. पारसिककर, तुमचे नऊ कांदे वाचून पोटात कालवलं कारण त्या एपीएमसी बंदच्या आठवड्यात आमच्याकडे कांदेच कांदे होते! सांगते.

एप्रिलमध्ये देवगडच्या आंब्याच्या पेट्या थेट सोसायट्यांत यायला लागल्या होत्या आठवतंय ना, व्यापारी नाही, मधलं कोणी नाही, बागायतदाराचा टेम्पो सरळ गेटवर. त्यावरून आमच्यातल्या एकीला नाशिककडच्या शेतकऱ्यांच्या गटाचा नंबर मिळाला आणि मग दर बुधवारी भाजीचा टेम्पो सुरू झाला. ऑर्डर मी घ्यायचे. म्हणजे रविवारी रात्री गुगल फॉर्म बंद, सोमवारी विंगप्रमाणे एक्सेल, मंगळवारी पैसे आले का बघा, बुधवारी सकाळी साडेसहाला मास्क लावून खाली. क्रेटमधून भाजी यायची, प्रत्येकाने आपली पिशवी न्यायची, क्रेट त्याच टेम्पोतून परत. एकही प्लास्टिकची पिशवी नाही, एकही स्टिकर नाही, खोटं नाही सांगत, ते तेरा-चौदा महिने आमच्या घरातली 'पिशव्यांची पिशवी' जी दाराआड असते ती वाढलीच नव्हती. भाजी मिळेल ती घ्यायची, कारण गट शेतात जे निघेल ते पाठवायचा. घोसाळी, चवळीच्या शेंगा, कच्च्या पपया, मुलांनी आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं.

मग बंद का पडलं? लोकांना वाटतं सोसायटीतले लोक कंटाळले. नाही हो. माझं ऑफिस सुरू झालं. एवढंच. मी ग्रुपवर लिहिलं की आता दुसऱ्या कोणीतरी घ्या, तर पंचेचाळीस जणांनी हात जोडलेले इमोजी आणि 'ताई तुम्ही किती केलंत' पाठवलं आणि एकानेही एक्सेल मागितली नाही. तीन बुधवार टेम्पो आला, चौथ्या बुधवारी त्यांना डिझेल परवडेना. चौदा महिने माझे दर आठवड्याचे सहा-सात तास फुकट जात होते, ते भाजीच्या दरात कोणीच धरले नव्हते, मीसुद्धा नाही.

पारसिककर | रवि. ५ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

सून ताई, हे जबरदस्त आहे. 'टिकलं नाही' म्हणजे बहुतेक वेळा 'ती एक बाई थांबली' असं असतं का?

घोडबंदरची_सून | सकाळी ८.३१

असतंच. आणि घरातही तेच. तुमची वही बायकोने लिहिलीय, तुम्ही माळ्यावरून पाडलीय. 😀

बंड्या_नौपाडा | सकाळी ८.३३

गेला, पारसिककर गेला.

कोपरखैरणे_काका | सकाळी ९.१५

आमच्याकडे एक गोष्ट टिकली आहे म्हणून सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर पुढे जा.

आमची इमारत छोटी, अठ्ठेचाळीस घरं. दिवसाला १०० किलोच्या वर कचरा होणाऱ्या सोसायट्यांनी ओला कचरा आपल्या आवारातच जिरवायचा असा नियम २०१६ पासून आहे, पण आम्ही त्यात बसत नाही, म्हणजे सक्ती नव्हती. नवी मुंबई २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात देशात तिसरी आली, इंदूर आणि सुरतनंतर, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, खतासाठी मात्र कोणी पुढे नव्हतं. लॉकडाऊनमध्ये मी रिटायर होऊन वर्ष झालेलं, करायला काही नाही, आणि तीन वेळा घरचं जेवण म्हणजे प्रत्येक घरातून सालं-देठं दुप्पट. मी मागच्या बाजूला विटांचे दोन हौद करून घेतले.

पहिला हौद पूर्ण फसला. जून महिना, वरून पाऊस, आत नुसती सालं, कोरडं काहीच नाही. असा वास सुटला की दुसऱ्या मजल्यावरचे जोशी (नाव बदललं आहे, मजला नाही) माझ्याशी सहा महिने बोलले नाहीत. मग कळलं की ओल्याला कोरडं लागतं. एक बादली सालं तर जवळपास तेवढाच वाळका पाला किंवा भुसा, मधे थोडं जुनं खत विरजणासारखं, पंधरा दिवसांतून एकदा ताक आणि गुळाचं पाणी, आठवड्यातून एकदा खालीवर करायचं. वर पत्रा. मुठीत दाबलं की ओलसर लागलं पाहिजे पण पाणी गळता कामा नये. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीचा वास असलेलं खत. मधे पांढरट-करड्या मोठ्या अळ्या दिसतात, लोक किंचाळतात, पण त्या कचरा खाऊन आपलंच काम करत असतात, त्यांना फिनेल मारू नका (आमच्याकडे एकांनी मारलं, सगळा हौद मेला).

टिकलं का, तर माझ्यामुळे नाही. २०२२ मध्ये माझा गुडघा बदलला, चार महिने मी खाली उतरलो नाही. तेव्हा आमचे माळीदादा ते करत राहिले कारण सोसायटीने त्यांना त्याचे महिन्याला वेगळे पैसे धरले होते, आणि उरलेलं खत विकून येणारे पैसे त्यांचेच. घोडबंदरच्या सून ताई म्हणतात ते तास इथे दरात धरले गेले होते.

चाफा१५ | सकाळी ११.४०

मी नर्स आहे. त्या काळात वाशीच्या एका रुग्णालयात होते, राहायला कळव्याला. लोकल अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी १५ जूनला सुरू झाली, तोपर्यंत बसने जायचे, बस चुकली की संपलं.

वहीबद्दल वाचताना छान वाटलं पण एक सांगावंसं वाटतं. तुमच्याकडे कांदे मोजले जात होते तेव्हा आमच्याकडे दर ड्युटीला अंगावर चढलेलं सगळं, किट, दोन जोड हातमोजे, शू कव्हर, टोपी, सहा तासांनी पिवळ्या पिशवीत. एका वॉर्डच्या पिवळ्या पिशव्या रात्री लिफ्टसमोर रचलेल्या असायच्या, माझ्या खांद्याच्या वर. ते सगळं जाळायला जायचं. म्हणजे शहराने कमी वापरलं असं जे म्हणतात ते अर्धंच आहे, ते फक्त दुसरीकडे सरकलं होतं. तेव्हा ते बरोबरच होतं, त्याबद्दल मला काडीची खंत नाही.

घरच्या मास्कचंसुद्धा, केंद्रीय प्रदूषण मंडळाने सांगितलं होतं की वापरलेला मास्क कागदी पिशवीत ७२ तास ठेवा, मग कापून सुक्या कचऱ्यात टाका. मी बिल्डिंगच्या व्हॉट्सॲपवर चार वेळा टाकलं. किती जणांनी केलं? खाली झाडणाऱ्या ताई हाताने उचलायच्या, झुडपात अडकलेले निळे मास्क.

पण जे राहून गेलं ते बघा. साथ गेली आणि प्रत्येक चमचा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, तो राहिला. मीटिंगमध्ये प्रत्येकापुढे दोनशे मिलीची पाण्याची बाटली, तीही राहिली. पूर्वी स्टीलचा जग आणि ग्लास असायचे. स्वच्छ म्हणजे सील केलेलं असं डोक्यात बसलं ते बसलंच. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी २०१८ च्या जूनपासून होती, लोक जरा कुठे कापडी पिशवीला सरावले होते, आणि २०२० मध्ये दुकानदारच म्हणायला लागले की ताई तुमची पिशवी काउंटरवर ठेवू नका. त्यांचंही बरोबर होतं म्हणा. पुढे २०२२ च्या जुलैत देशभर एकदा वापरायच्या वस्तूंवर बंदी आली पण तोपर्यंत हात सैल सुटले होते.

खाडीकाठचा | दुपारी १.०५

दिवाळे कोळीवाडा, बेलापूर. धागा वाचून हसू आलं, राग मानू नका.

तुम्ही ज्याला सस्टेनेबल का काय म्हणता ते आमची आय पन्नास वर्षं करतेय. म्हावरं सुकवून ठेवायचं, जवळा, बोंबील, सोडे. पावसाळ्यात होडी बंद तेव्हा तेच. लॉकडाऊनमध्ये गावातला एकही माणूस मार्केटला गेला नाही तरी आमच्याकडे जेवण थांबलं नाही, उलट सीवूड्सच्या बिल्डिंगींतले लोक आयला फोन करायचे, मावशी सुकट आहे का. ती पातेलं घेऊन गेटवर जायची, लोक आपलं भांडं घेऊन खाली यायचे. आता तेच लोक ॲपवरून मागवतात, थर्माकोलच्या ट्रेमध्ये चार तुकडे, खाली शोषून घ्यायचा कागद, वरून प्लास्टिक, बाजूला बर्फाची पुडी. त्या चार तुकड्यांपेक्षा कचरा जास्त.

अजून एक. त्या वर्षी फ्लेमिंगोचे फोटो सगळ्या जगात फिरले, नेरुळचं तळं गुलाबी, 'निसर्ग बरा होतोय' वगैरे. ते दरवर्षीच येतात हो, थंडीत येतात आणि पावसाच्या आधी जातात. इथे ठाणे खाडीत २०१५ पासून अभयारण्य आहे, २०२२ ला रामसरही झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं. त्या वर्षी गर्दी नव्हती, घरी बसून खिडकीतून बघायला लोकांना वेळ होता. आणि ते येतात कशाला तर शेवाळ खायला, ते शेवाळ वाढतं कशावर तर तुमच्या-आमच्या सांडपाण्यावर. निसर्ग बरा होतोय म्हणे.

आकडेमोड | दुपारी १.५०

खाडीकाठच्या, +१.

थोडे आकडे. २०२० मध्ये जगभरातलं कार्बन उत्सर्जन साधारण ५ ते ६ टक्क्यांनी कमी झालं. विमानं जमिनीवर, कारखाने बंद, अब्जावधी माणसं घरात, आणि तरी ५-६ टक्के. २०२१ मध्ये जवळजवळ तेवढंच परत वर गेलं. म्हणजे सगळ्या जगाने कांदे मोजले तरी वीज कशावर बनते आणि माल कशाने हलतो हे तसंच राहिलं तर फार फरक पडत नाही. त्यामुळे पारसिककरांनी लिंबासाठी स्वतःला फटके मारून घेण्यात अर्थ नाही.

पारसिककर | दुपारी २.१५

फटके मारत नाहीये हो. पण मला जग वाचवायचं नाहीये, मला फक्त हे कळून घ्यायचंय की एकाच माणसाला नऊ कांद्यांत आठवडा काढता येतो आणि त्याच माणसाला एका लिंबासाठी सकाळपर्यंत थांबता येत नाही, हे कसं. मधे झालं काय?

स्टोअरची_लेक | रात्री ९.३०

इथे वाचते नेहमी, लिहीत नाही. आज लिहिते.

आम्ही तुर्भे स्टोअरच्या वस्तीत राहतो. आई वाशीत चार घरी काम करायची. मार्च २०२० मध्ये चारही घरी सांगितलं की आता येऊ नको. दोघींनी पगार दिला, एकीने दोन महिने दिला, एकीने फोन उचलणं बंद केलं. बाबा एपीएमसीत माथाडी, मे महिन्यात मार्केटच बंद. रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ फुकट होता आणि घरटी एक किलो डाळ, त्यावर काढलं. गहू नव्हता, आईला भाकरी-चपातीशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, तिने तांदूळ दळून भाकरी केल्या.

आमच्याकडेही वही होती पण ती दुकानदाराकडे होती. उधारीची.

कमी वापर, साधं राहणं, उरलेलं टाकू नये, हे सगळं आमच्याकडे आधीपासून होतं आणि त्याला कोणी चांगली सवय म्हणालं नाही. आता आमच्याकडे फ्रिज आला, भाऊ डिलिव्हरीचं काम करतो. तुमचं ते लिंबू तोच आणत असेल, पावणेअकराला. त्याला ऑर्डरमागे पैसे मिळतात, ऑर्डरी कमी झाल्या तर त्याचे कमी होणार. हेही धरा हिशोबात.

पारसिककर | रात्री ११.४५

ताई, दोन तास झाले हे वाचून, काय लिहावं सुचत नव्हतं. आमच्याकडच्या मावशींना आम्ही तेव्हा पगार दिला होता हे लिहायला हात शिवशिवत होते, पण ते लिहून काय होणार, तो त्यांचाच होता. लिहिलंत हे फार चांगलं केलंत. भावाचं मुद्दाम मनात ठेवतो.

घोडबंदरची_सून | सोम. ६ ऑक्टोबर, सकाळी ७.१०

स्टोअरची_लेक, लिहीत जा गं.

नेरुळची_आजी | सकाळी १०.२०

माझी नात टाइप करते आहे, चुका तिच्या. वय ७८.

पारसिककर, तुम्ही विचारलंत ना मधे काय झालं. मी सांगते. उसनं गेलं.

आम्ही सिडकोच्या घरात १९८७ ला आलो तेव्हा इथे दुकानं नव्हती, चिखल होता. साखर संपली तर वाटी घेऊन शेजारी. विरजण शेजारून, कढीलिंब खालच्या मजल्यावरून, मिक्सर पाळीपाळीने. वाटी रिकामी परत करायची नाही हा नियम, काही नसलं तर चार दाणे साखर तरी. मग हळूहळू दुकानं झाली आणि वाटी थांबली. लॉकडाऊनमध्ये ती वाटी परत आली होती. आम्ही दाराबाहेर स्टुलावर ठेवायचो आणि बेल वाजवून आत पळायचो, लहान मुलांसारखं. समोरची पंजाबीण, वर्षानुवर्षं फक्त हसायची, तिच्याकडून मी तेव्हा राजमा खाल्ला आणि तिने माझ्याकडून कुळथाचं पिठलं.

आता लिंबू नसेल तर शेजारी मागायची लाज वाटते आणि मोबाईलवर मागायची वाटत नाही. उसनं म्हणजे आधी घरात बघ, मग शेजारी बघ, मग बाजार. तुमच्याकडे मधली पायरी नाही म्हणून तुम्ही थेट बाजारात पडता.

बंड्या_नौपाडा | सकाळी १०.२६

आजींना साष्टांग. 'घरात, शेजारी, मग बाजार' हे मी घरघंटीवर चिकटवणार.

आकडेमोड | सकाळी १०.५५

आजी, मान्य, पण आता निम्मे फ्लॅट भाड्याचे, अकरा महिन्यांनी लोक बदलतात. शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं, विरजण काय मागणार. आमच्या मजल्यावर चार घरं, दोन मुलांचे पीजीसारखे, तिथे साखर असेल याचीच खात्री नाही.

नेरुळची_आजी | सकाळी ११.३०

मुलांकडे साखर नसते हे खरं. त्यांना तुम्ही द्यायची.

कोपरखैरणे_काका | दुपारी १२.०५

🙏

पारसिककर | गुरु. १६ ऑक्टोबर, रात्री १०.३०

दहा दिवसांनी येतोय. दोन गोष्टी केल्या.

एक, आमच्या गेटवरच्या रजिस्टरमध्ये रविवारचा दिवस मोजला, वॉचमनकाकांसोबत खुर्ची टाकून बसलो (ते म्हणाले साहेब नोकरी गेली का). एकशे बारा फ्लॅट. सकाळी सातपासून रात्री अकरापर्यंत जेवण आणि सामान मिळून एकशे सत्तावन्न एंट्र्या. म्हणजे फक्त मीच नाही, एवढं बरं वाटलं. सतराव्या मजल्यावर एकाच घरी सहा वेळा गेली मुलं. एक मुलगा दोन-दोन पायऱ्या गाळत जिन्याने गेला कारण डिलिव्हरीची लिफ्ट बंद होती आणि दुसरी वापरायला त्यांना मनाई आहे. ती मनाई आमच्याच कमिटीची, आणि २०२० मध्ये संसर्ग नको म्हणून केलेली. साथ गेली, पाटी तशीच. ती पाटी त्याच रात्री मी काढली, सेक्रेटरींना सकाळी सांगितलं, ते थोडे चिडले. पुढच्या मीटिंगमध्ये येईल विषय.

दोन, ॲप काढून टाकलं नाही, कारण स्टोअरच्या ताईंचं डोक्यात होतं आणि खरं सांगायचं तर धीरही नव्हता. पण ठरवलं की आठवड्यातून दोनदाच, यादी करून, एकत्र मोठी ऑर्डर. फ्रिजवर कागद. पहिले तीन दिवस मस्त गेले. चौथ्या दिवशी पोहे झाले आणि कोथिंबीर नाही. आता पोह्यांवर कोथिंबीर नसली तर काय आभाळ कोसळतं का, पण मोबाईल हातात आला होता. बायको म्हणाली, आजी काय म्हणाल्या होत्या? (तिला धागा वाचायला दिला ही माझी चूक.) मग मला पिटाळलं शेजारी, ५०४ मध्ये. सात वर्षं शेजारी आहेत, त्यांना वाटलं पाणी गळतंय म्हणून भांडायला आलोय. मी दारात उभा, हातात वाटी, तोंडातून शब्द फुटेना, शेवटी म्हटलं "थोडी कोथिंबीर असेल का". त्यांनी अर्धी जुडी दिली आणि वर विचारलं, सगळं ठीक आहे ना घरी?

आज संध्याकाळी टेबलावर तीच भूगोलवाली वही दिसली. मधे साडेपाच वर्षांची कोरी पानं सोडून नवीन पानावर नोंद आहे: "कोथिंबीर अर्धी जुडी, ५०४ ची. परत करणे. (लक्ष ठेवणे)"

बंड्या_नौपाडा | रात्री १०.४१

केली का परत?

पारसिककर | रात्री १०.४४

उद्या चकल्या होणार आहेत. वाटी रिकामी कशी नेणार.